खुली चर्चा जिल्ह्यात आणि मराठीत व्हावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे आपल्या ओळखीचे ‘ट्राय’, मोठा निर्णय घेण्यापूर्वी चर्चापत्र काढते, त्यावर लेखी सूचना मागवते, त्या सूचनांवर इतरांचे म्हणणे ऐकते आणि शेवटी सर्वांसाठी खुली चर्चा ठेवते. १९९७च्या कायद्यातील अकराव्या कलमाने कामकाजात पारदर्शकता राखण्याचे बंधन तिच्यावर घातले आहे आणि आलेल्या सूचना संकेतस्थळावर टाकून ती ते बऱ्यापैकी पाळते. (२०१५ मध्ये इंटरनेट समानतेच्या, म्हणजे दूरसंचार कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक द्यावी का या, प्रश्नावर दहा लाखांहून अधिक ईमेल आले, तेव्हा पाठवणाऱ्यांचे ईमेल-पत्तेही जसेच्या तसे जाहीर झाले, ही पारदर्शकता मात्र जरा जास्तच झाली.) त्या ईमेलचा उपयोग झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी कोणते संकेतस्थळ वा अॅप वापरले यावरून डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यावर बंदी आली. पण ते ईमेल इंग्रजी वाचू-लिहू शकणाऱ्यांचे होते.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी दूरसंचार ग्राहकांसाठी एक मेळावा झाला, त्याला मी गेलो होतो. पडद्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीत होता आणि बोलणे निम्मे हिंदीत. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, “लाइट गेली की तासाभरात आमचा टॉवर बसतो, त्याच्या बॅटऱ्या कधी बदलणार?” हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ते गुमान खाली बसले आणि चहा झाल्यावर एसटी गाठायला निघाले.

वास्तविक तो प्रश्न थेट धोरणाचाच होता. २०२४च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार सेवा सलग २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई मिळू शकते, परंतु त्यासाठी ती जिल्हाभर बंद पडलेली असावी लागते. एखाद्या वाडीचा टॉवर आठवडाभर आडवा पडला, तरी बाकीचा जिल्हा चालू असल्याने या तरतुदीचा तिथल्या ग्राहकाला काही उपयोग नाही. मोजमापाचे एकक जिल्हा असावे की टॉवर, हा मुद्दा मांडायची जागा खुली चर्चा हीच होती, आणि तो मांडायला त्या गृहस्थांइतका लायक माणूस दिल्लीत सापडणे कठीण आहे. अलीकडे अशा अनेक चर्चा ऑनलाइन होतात, म्हणजे रेंज नसल्याची तक्रार करायलाही आधी रेंज हवी.

अशी चर्चा जिल्ह्यात आणि मराठीत घ्यायला फार मोठा खर्च लागेल असे नाही. प्रत्येक चर्चापत्राचा चार-पाच पानांचा मराठी सारांश प्रसिद्ध करावा आणि मराठीत आलेल्या सूचनाही स्वीकारल्या जातील, असे त्यात स्पष्ट लिहावे. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच परिमंडळ आहे. त्यातील निदान दोन जिल्ह्यांत दरवर्षी आळीपाळीने प्रत्यक्ष बैठक घ्यावी, आणि तीही भातलावणीच्या दिवसांत नको. तिथे विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्यावर संबंधित कंपनीने दिलेले लेखी उत्तर महिन्याभरात तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावे.

आपला,
एक वाचक, राजापूर