आमच्या शाळेतल्या केमिस्ट्रीच्या बाई

मेरीलँड,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडच्या स्टाफरूममध्ये कसं असतं रे? तिथेही भेदभाव असतोच का?" तेव्हा बसमध्ये होतो, आजूबाजूला गर्दी, नीट बोलता आलं नाही. म्हणून निवांत बसून लिहितोय. माझ्याबद्दल कमी आणि आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याकडे आहे. त्यांना विचारूनच लिहितोय. नाव घालू नकोस एवढंच त्यांनी सांगितलंय, म्हणून शाळेचंही नाव घालत नाही.

बाई कृष्णवर्णीय आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. शिकल्या इथल्याच बोवी स्टेट विद्यापीठात. त्याची सुरुवात 1865 साली बाल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या शाळेतून झाली, म्हणजे यादवी युद्ध संपलं त्याच वर्षी. पुढे तिथून पिढ्यानपिढ्या शिक्षक बाहेर पडले. बाईंची आईही तिथलीच आणि तीही शिक्षिका. मी नवा होतो तेव्हा हजेरीचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं इथपासून पालकांना पहिला फोन कौतुकाचा करायचा, तक्रारीचा नाही, इथपर्यंत सगळं मला त्यांनी शिकवलं. आमचे वर्ग एका भिंतीला लागून आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे काय चालतं ते मला रोज दिसतं.

दिसतं ते असं. बाईंचा तास सुरू असतो आणि दारावर टकटक होते. दारात एक मुलगा, पाठीला दप्तर, हातात चिठ्ठी. दुसऱ्या कुठल्या तरी वर्गातून त्याला बाहेर काढलेलं असतं. ऑफिसात पाठवायच्या ऐवजी बाईंकडे पाठवतात, कारण "तो तुमचं ऐकतो." मुलगा जवळजवळ नेहमी काळाच असतो. कधी कधी बाईंच्या ओळखीचाही नसतो. त्यांच्या कुठल्याच वर्गात नसतो, तरी "तो तुमचं ऐकतो."

एकदा माझा ऑफ तास होता म्हणून मी त्यांच्या लॅबमध्ये मागे बसलो होतो. टायट्रेशन चाललं होतं, म्हणजे एका द्रवात दुसरा थेंबथेंब सोडून रंग बदलेपर्यंत किती लागतो ते मोजणं. असाच एक जण आला, डोक्यावर हूडची टोपी ओढलेली, कुणाकडे न बघणारा. बाईंनी काय झालं, कुणी पाठवलं, काही विचारलं नाही. संरक्षक चष्मा दिला आणि ब्यूरेटपाशी, म्हणजे खाली नळ असलेल्या मापाच्या काचनळीपाशी, उभं केलं. "हा नळ तू धर. एकेक थेंब सोड. मी सांगेन तेव्हा नाही, तुला दिसेल तेव्हा थांबायचं." फ्लास्क हलवायचं काम दुसऱ्या मुलीकडे. थेंब पडला की गुलाबी छटा यायची आणि हलवल्यावर नाहीशी व्हायची. पोरगा वाकून बघायला लागला. टोपी कधी मागे गेली त्याचं त्यालाच कळलं नाही. एका थेंबाला रंग आला तो तसाच राहिला, आणि तो ओरडला, "थांब, थांब, हलवू नको!" वर्ग हसला, तोही हसला. मग बाईंनी त्यालाच फळ्यावर आकडा लिहायला लावला.

आता मला सांग, ही काय जादू आहे? हे शिकवणं आहे. तीसेक वर्षांचं कसब आहे. पण आमच्या शाळेत याला कुणी कसब म्हणत नाही. "तुम्हाला ते जमतं हो," असं म्हणतात, जणू कातडीच्या रंगाबरोबर जन्माला येताना मिळालंय. वर्षभरात त्यांचा वर्ग बघायला, रसायनशास्त्र कसं शिकवता हे विचारायला एकही सहकारी आला नाही. मुलं मात्र पाठवत राहिले. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. त्यांचा तास मोडतो, त्यांच्या मुलांचा वेळ जातो, आणि ज्यानं चिठ्ठी लिहिली त्याला आपला वर्ग सांभाळायला शिकण्याची गरजच उरत नाही.

हे फक्त आमच्याकडे नाही. ओबामांच्या वेळचे शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी 2016 मध्ये याला 'न दिसणारा कर' म्हटलं होतं. म्हणजे कृष्णवर्णीय शिक्षकानं शिकवायचं, वर शिस्तही सांभाळायची, वर प्रत्येक समितीत 'आपल्या' लोकांच्या वतीनं बसायचं, आणि याचा पगार शून्य. माणसं मुळात किती थोडी आहेत बघ. अमेरिकेच्या सरकारी शाळांतल्या शंभर शिक्षकांत ऐंशीच्या आसपास गोरे, कृष्णवर्णीय सहा-सात. मुलांमध्ये मात्र कृष्णवर्णीय पंधराच्या आसपास. आमच्या इमारतीत बाई आणि इतिहासाच्या एक मॅडम, एवढ्याच दोघी. आणि अजूनही लोक एकीला दुसरीच्या नावानं हाक मारतात. एक उंच, एक ठेंगणी, तरीही.

कृष्णवर्णीय शिक्षक इतके थोडे का, याला इतिहास आहे, आणि तो मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हता. आपण बी.एड.ला 1954 चा ब्राउन खटला परीक्षेपुरता पाठ केला होता. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, मोठा विजय. पण त्या शाळांतल्या शिक्षकांचं काय झालं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, शिक्षकांना नेलं नाही. ज्या टोपेका गावातून तो खटला उभा राहिला, तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यानं निकालाच्याही आधी, मार्च 1953 मध्ये, डार्ला बुकॅनन नावाच्या शिक्षिकेला पत्र पाठवलं होतं. त्याचा मतलब असा, की न्यायालयानं निकाल वेगळ्या शाळांच्या विरोधात दिला तर गावातल्या बहुसंख्य लोकांना गोऱ्या मुलांसाठी निग्रो शिक्षक नको असतील असं धरून आम्ही चालणार, तेव्हा पुढच्या वर्षी तुमची नेमणूक आज करता येत नाही. वाच आणि विचार कर. नोकरी गेली ती शिकवता येत नाही म्हणून नव्हे, लोकांना तुम्ही चालणार नाही असा कुणीतरी परस्पर अंदाज बांधला म्हणून. पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेकडच्या आणि उत्तर-दक्षिण सीमेवरच्या 17 राज्यांत मिळून 38 हजारांवर कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी बसले, असा आकडा सांगितला जातो. बाईंचे एक मामा उत्तर कॅरोलिनात मुख्याध्यापक होते. शाळा एकत्र झाल्या तेव्हा त्यांना नव्या शाळेत दुय्यम पद दिलं आणि पुस्तकांचं कोठार सांभाळायला सांगितलं.

पगाराचंही तसंच. आमच्या मेरीलँडमध्येच, कॅल्व्हर्ट काउंटीत, हॅरिएट एलिझाबेथ ब्राउन नावाच्या शिक्षिकेनं 1937 मध्ये समान वेतनासाठी दावा लावला. तिला वर्षाला 600 डॉलर मिळत होते, तेवढंच शिकलेल्या गोऱ्या शिक्षिकेला 1,100. तिचा वकील होता थर्गुड मार्शल, पुढे सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश. त्याची स्वतःची आई बाल्टिमोरमध्ये शिक्षिका होती. बोर्डानं शेवटी तडजोड केली आणि 1941 मध्ये राज्यात समान वेतनाचा कायदा झाला. बाई हे सांगत होत्या तेव्हा मला आपल्या तालुक्यातल्या त्या जुन्या गुरुजींची आठवण झाली, ज्यांना शाळेत पाणी वेगळ्या भांड्यातून मिळायचं. वेतन सरकारी होतं म्हणून सारखं, बाकी काही सारखं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. बाई शाळेत सगळ्यांना मिस्टर, मिस लावूनच हाक मारतात. झाडलोट करणाऱ्या काकांना, कँटीनवाल्या मावशींना, गेटवरच्या पहारेकऱ्याला. बाकीचे शिक्षक त्या काकांना नुसत्या नावानं पुकारतात, अगदी पंचविशीतले सुद्धा. मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी नागरी हक्कांच्या चळवळीतल्या मेरी हॅमिल्टनची हकिगत सांगितली. 1963 मध्ये अलाबामाच्या कोर्टात सरकारी वकील तिला नुसतं "मेरी" म्हणत होता. गोऱ्या साक्षीदारांना मिस, मिसेस, आणि काळ्यांना नुसतं नाव, ही तिथली रीत. ती म्हणाली, मिस हॅमिल्टन म्हणा, तोवर उत्तर देणार नाही. न्यायालयाचा अवमान म्हणून तिला शिक्षा झाली. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं आणि 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. तुझ्या आजोबांना पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं अरे-तुरे करायचं, ते आपण दोघांनी ओट्यावर बसून ऐकलंय. तुला यात काही समजावून सांगायची गरज नाही.

आता मुख्य गोष्टीवर येतो. नववीत ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या वर्गात कोणाला घ्यायचं हे आमच्याकडे आठवीच्या शिक्षकांच्या शिफारशीवर ठरतं. बाईंनी एक साधा तक्ता केला. एका रकान्यात आठवीचे गुण, शेजारी शिफारस झाली की नाही. गुण सारखे असूनही कोण आत गेलं आणि कोण बाहेर राहिलं, हे त्या कागदावर उघड दिसत होतं. मीटिंगमध्ये त्यांनी तो सगळ्यांना वाटला आणि एकच प्रश्न विचारला, "शिफारस कोणत्या निकषावर होते?" आवाज चढलेला नव्हता. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो, शपथेवर सांगतो. उत्तर कुणी दिलं नाही, विषय पुढे ढकलला. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मात्र शेरा आला, की सहकाऱ्यांशी बोलताना सूर सौम्य ठेवावा, काहींना दडपण येतं.

दडपण. ज्यांच्याकडे सगळे आपली अवघड मुलं धाडतात, त्यांचंच मीटिंगमध्ये दडपण येतं.

पुढच्या सत्रात तोच तक्ता मी वाचला. बाईंनीच सांगितलं होतं, "या वेळी तू वाच." शब्द तेच, प्रश्न तोच. उलट माझा आवाज मोठा आहे, तुला माहीतच आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फार अभ्यासपूर्ण, यावर काम करू या," आणि तिथल्या तिथे समिती नेमली. मी भारतीय, गणिताचा शिक्षक, म्हणजे आकडे बरोबरच असणार आणि मनात काही नसणार. हाच मी, हाच आवाज. तिकडे आपल्या शाळेत आरक्षणाच्या बिंदुनामावलीबद्दल प्रश्न विचारला तर गोपनीय अहवालात "उद्धट" लिहिलं होतं, आठवतं ना? समुद्र ओलांडला आणि मी अभ्यासू झालो. बाईंना कुठला समुद्र ओलांडायला सांगणार?

मीटिंगनंतर पार्किंगमध्ये मी रागानं फणफणत होतो. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "मला यात नवीन काही नाही. तू पाहिलंस हे बरं झालं. उद्या मी काही सांगितलं तर 'तुम्हाला तसं वाटलं असेल' असं तू तरी म्हणणार नाहीस." गाडीत बसता बसता मला बजावलं, की समितीवर आपण दोघांनीही जायचं. कागद ज्याचा, नाव त्याचं लागलं पाहिजे. मीही पुढच्याच बैठकीत पहिल्या मिनिटाला सांगितलं, की हा तक्ता बाईंनी केलाय, माझा नाही. काही चेहरे पडले. पडू देत.

आपल्या माणसांबद्दलही लिहितो, नाहीतर पत्र अर्धवट राहील. इथल्या मराठी घरांत गेलो की पहिला प्रश्न, "शाळेत कोणती मुलं आहेत? सेफ आहे ना?" आडनावाची चौकशी दुसऱ्या चहाला होते. या मंडळींना कोण सांगणार, की भारतातून एवढ्या संख्येनं इथे येता आलं ते 1965 च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि त्याला बळ मिळालं ते काळ्या लोकांनी रस्त्यावर उतरून समान हक्कांची हवा निर्माण केली म्हणून. मी सांगतो. आमंत्रणं कमी झाली आहेत. चालायचंच.

बाईंना मी जोतिरावांची 'गुलामगिरी' दाखवली. 1873 चं पुस्तक, आणि अर्पणपत्रिका मुळातच इंग्रजीत असल्यामुळे त्यांना थेट वाचता आली. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना पुण्यातल्या एका माणसानं पुस्तक अर्पण केलं, हे त्यांना खरंच वाटेना. दोनदा वाचलं, फोटो काढून मुलीला पाठवला. मग सावित्रीबाईंबद्दल विचारलं. 1848, भिडे वाडा, अंगावर येणारं शेण आणि चिखल, बरोबर नेलेलं जादा लुगडं, सगळं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. "शाळेच्या आत त्यांच्या बाजूनं कोण होतं?" मी सगुणाबाई, फातिमा शेख ही नावं सांगितली. त्यांनी वहीत लिहून घेतली.

सध्या परिस्थिती अशी आहे. समितीनं निकष लेखी केलेत, या वर्षी ऑनर्समध्ये गुण आधी बघणार. चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्या मुलांबाबत बाईंनी लेखी कळवलंय, की हे काम हवं असेल तर त्यासाठी वेळापत्रकात एक तास मोकळा द्या आणि भत्ता द्या, नाहीतर मुलं ऑफिसात पाठवा. तास मिळालाय, भत्ता अजून नाही. तो सुराबद्दलचा शेरा फाईलमध्ये तसाच आहे. युनियनच्या प्रतिनिधीला घेऊन त्यांनी त्याला उत्तर जोडलं, आणि साक्षीदार म्हणून माझंही पत्र मी दिलंय. व्हिसाचं काय होईल म्हणून काहींनी मला घाबरवलं. मी दिलं.

एक काम कर. सावित्रीबाईंवरचं इंग्रजीतलं चांगलं पुस्तक पुण्यात मिळालं तर दोन प्रती पाठव, एक बाईंना आणि एक शाळेच्या ग्रंथालयाला. फेब्रुवारीच्या आत पोचायला हवीत. त्या महिन्यात इथे कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवतात आणि बाईंना त्यात मुलांपुढे जोतिराव-सावित्रीबाईंचा एक तास घ्यायचाय. पैसे लगेच पाठवतो. आणि तुझ्या बदलीचं काय झालं ते सविस्तर कळव, फोनवर "बघू" म्हणून टाळू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना खूप प्रेम.

तुझाच मित्र