खाऱ्या पाण्याच्या टाकीत बिनलेबलाची पुडी नको

महोदय,

मुलगा कॅनडाला गेला आणि त्याची 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्याकडे राहिली. दोन क्लाउन मासे, एक कोळंबी, थोडे मऊ प्रवाळ. वाचून, विचारून मी ती सांभाळायला शिकले.

गेल्या उन्हाळ्यात वाळूवर काळपट लाल थर धरू लागला. सकाळी विरळ, दुपारपर्यंत जाड आणि बुडबुड्यांनी फुगलेला. नळीने ओढला की सायीसारखा गुंडाळून येई, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. टाकीसाठी मीठ घेतो त्या मत्स्यालयाच्या दुकानात विचारलं, तर एक पुडी हातात आली. ‘बेन, आ नाखी दो, बे दिवसमां साफ.’ (हे टाका, दोन दिवसांत साफ.) पुडीवर ना नाव, ना मात्रा.

थर खरंच दोन दिवसांत गेला. तिसऱ्या रात्री मात्र मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. सकाळी एक क्लाउन आणि कोळंबी मेलेली सापडली. हा मासा मुलानं आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता. आणि तीन आठवड्यांत लाल थर परत हजर!

दुकानात खोदून विचारल्यावर कळलं, ते एरिथ्रोमायसिन नावाचं प्रतिजैविक होतं. हा लाल थर म्हणजे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. म्हणून प्रतिजैविकानं तो मरतो. पण मेलेला थर कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो, आणि माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही त्या औषधाचा धक्का बसू शकतो. थराला पोसणारं खाद्य तर पाण्यात तसंच राहतं.

ते कुठून येत होतं, हे मी मग शोधलं. आजवा तलावाचं नळाचं पाणी आरओतून गाळून वापरत होते, पण त्यापुढची, उरलेले क्षार शोषणारी रेझिनची नळी कधीच संपली होती. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्याऐवजी 31 दाखवत होता. गोठवलेलं खाद्य न धुता वितळलेल्या पाण्यासकट टाकत होते. थराला पोसणारं फॉस्फेट निघालं लिटरला 0.4 मिलिग्रॅम. रेझिन बदललं, खाद्य गाळणीत धुऊ लागले, दिवे 11 तासांवरून 8 वर आणले, पाणी साचून राहायचं त्या कोपऱ्याकडे वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारा पंप, वळवला. थर रोज ओढून काढला आणि तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवली. दोन महिन्यांनी फॉस्फेट 0.08 वर आलं आणि वाळू पांढरी दिसली. ते शून्यावर नेण्याच्या मागे मात्र लागू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की तपकिरी, तारा सुटणारा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा चिकटा माजू शकतो, आणि तो याहून चिवट.

राग मला त्या पुडीचा आहे. माणसाला हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असा नियम आहे, आणि माशांच्या नावावर ते कागदात बांधून विकलं जातं. पाणी बदलताना त्या टाकीतल्या 40 लिटर पाण्याच्या बादल्या मी मोरीत ओतल्या. मोरीतून गटार, गटारातून पुढे विश्वामित्री नदी, जिथं आपल्या मगरी राहतात. जिवाणू औषधाला निर्ढावतात ते अशाच वाटांनी. तेव्हा मला हे सुचलं नाही, याची खंत आहे.

अन्न व औषध खात्यानं शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानांतल्या अशा पुड्या तपासाव्यात. आणि वडोदऱ्यात कुणाच्या टाकीत लाल थर आला असेल, तर पुडीआधी त्यांनी आपल्या पाण्याचा टीडीएस मोजून पाहावा.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा