आईच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेल्या टिकल्या

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडवरच्या आमच्या घराची वास्तुशांत होऊन पंधरा दिवस झाले. त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत आपल्याशी मनासारखे बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण घर बांधायला निघालेल्या इतरांनाही आपल्यासारखी माणसे वास्तुविशारदाच्या व्यवसायात आहेत हे कळावे.

काँक्रीट आणि काच यांचेच घर हवे, हा हट्ट माझा होता. आपल्या आधी ज्यांच्याकडे काम होते त्यांनी संगणकावरची देखणी चित्रे दाखवली, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची काढली आणि आगाऊ रक्कम घेतली. पण नाशिकच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या दिवाणखान्यात बसणार कोण, हे मी विचारल्यावर ‘एसी लावा’ एवढेच उत्तर मिळाले. काम जोत्यावर थांबले, बाबांच्या निवृत्तीचे पैसे अडकले. ते दिवस आठवले की आजही झोप लागत नाही.

आपण आलात आणि नकाशा उघडण्याआधी आईला विचारलेत, ‘काकू, दुपारी तुम्ही कुठे बसता?’ त्या एका प्रश्नावरून घर फिरले. मोठी काच दक्षिणेला गेली, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि साधा छज्जाही ते ऊन अडवतो, तर थंडीत तेच ऊन कलून छज्जाखालून आत येते. मावळतीचे ऊन मात्र आडवे येते, त्याला छज्जा पुरत नाही. म्हणून पश्चिमेला काँक्रीटच्या खोल उभ्या पट्ट्या आल्या. चंडीगडच्या सचिवालयावर वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी उन्हाला अडवणारे काँक्रीटचेच आडोसे केले आहेत, हे आपणच आईला चहा पिता पिता सांगितले होते. स्लॅबच्या दिवशी सळयांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळया तळाला टेकू नयेत म्हणून ठेवायचे छोटे ठोकळे, नाहीत हे पाहून आपण काम थांबवलेत आणि पुढे काँक्रीट पक्के व्हावे म्हणून स्लॅबवर आळी बांधून 14 दिवस पाणी ठेवायला लावलेत, तेही आम्ही विसरलेलो नाही.

पण मनात घर करून राहिली ती काच बसवल्याची संध्याकाळ. आई हातात तांब्या घेऊन तुळशीकडे निघाली आणि त्या स्वच्छ काचेवर तिचे कपाळ आपटले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला समोरचे अंतर नीट उमगत नाही. लिहितानाही लाज वाटते, पण मी आधी काच पाहिली. आपण आईला खुर्चीवर बसवलेत, पाणी दिलेत, आणि मग पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढून, तिला काचेशी उभे करून, तिच्या डोळ्यांच्या रेषेत वीतभर अंतराने मरून टिकल्या लावल्यात. नंतर जमिनीवर बसून माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या उंचीवर दुसरी ओळ लावलीत. हे काम आपल्या फीमध्ये नव्हते. आपल्याआधी मोठमोठ्या पदव्या असलेले लोक आमच्याकडे येऊन गेले होते, पण आईच्या डोळ्यांची उंची त्यांच्यापैकी कोणी पाहिली नव्हती.

आठवड्याने आपण काचेवर दुधी पट्टी बसवून दिलीत. आता टिकल्यांची गरज नाही, तरी आई त्या काढू देत नाही. परवा काच पुसताना एक निघाली, तेव्हा तिने स्वतःच्या पाकिटातली टिकली काढून अचूक त्याच जागी लावली.

आपला ऋणी,
एक घरमालक, नाशिक