मोनेच्या घरी जाऊन आलो, नंद्या

प्रिय नंद्या,

शनिवारी जिव्हर्नीला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या घरी जाऊन आलो आणि तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात आहे, फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं. पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनवरून व्हर्नोंपर्यंत ट्रेन, तिथून पुढे पाचेक किलोमीटर बस. गर्दी होतीच, सप्टेंबर असूनही, पण ते सोड.

घर लांबलचक, गुलाबी भिंती, हिरव्या खिडक्या. मोने १८८३ मध्ये इथे भाड्याने राहायला आला, बायको आधीच वारलेली, स्वतःची दोन मुलं आणि सोबत अॅलिस ओशदे (पुढे त्याची दुसरी बायको झाली) आणि तिची सहा. पैशांची चणचण. घर विकत घेतलं ते १८९० मध्ये, चित्रं विकली जायला लागल्यावर. स्वयंपाकघर निळं-पांढरं, टाइल्स लावलेलं, तांब्याची भांडी ओळीने टांगलेली, पण मी अडकलो ते डायनिंग रूममध्ये. अख्खी खोली पिवळी रे! भिंती पिवळ्या, कपाटं पिवळी, खुर्च्यासुद्धा पिवळ्या, आणि त्या पिवळ्यावर जपानी प्रिंट्सच प्रिंट्स, होकुसाई, हिरोशिगे, उतामारो या चित्रकारांच्या. मोनेकडे दोनशेच्या वर होत्या. त्याची स्वतःची चित्रं मात्र घरात आहेत ती सगळी कॉप्या, खरी म्युझियममध्ये गेली. या माणसाने जेवायच्या टेबलाभोवती रोज डोळ्यांसमोर काय ठेवलं होतं बघ ना!

आणि मुद्दा तोच आहे. मोने जपानला कधीच गेला नाही. जपानी बाग म्हटलं की आपल्याला सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवतं, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं, तिथे दगड, पाणी, हिरवळ सगळं मापात. जिव्हर्नीत तसलं काही शोधू नकोस. जपान त्याच्याकडे आला तो कागदावर छापलेला, आणि त्याने बाग केली ती त्या कागदावरून. हिरोशिगेचं कामेइदोच्या देवळातलं ते प्रिंट आठव, वर कमान टाकलेला पूल आणि पुढ्यात लोंबणारी विस्टेरिया, म्हणजे फुलांच्या घोसांची वेल. मोनेच्या बागेतल्या तळ्यावरचा पूल अगदी त्या धर्तीचा, पण रंग हिरवा. आता आहे तो नव्याने बांधलेला, जुना कुजला होता. मी पुलावर थांबून खाली बघत होतो तर क्षितिज नाहीच कुठे, फक्त पाणी, त्यात ढग, विलोच्या लोंबत्या फांद्या आणि मध्ये मध्ये लिलीची पानं, सपाट, काही कडेला तांबूस झालेली. समोरचं दृश्य वरून कापलेलं, फ्रेम अर्धवट सोडलेली, प्रिंट्समध्ये असतं ना अगदी तसं. मला एकदम लख्ख कळलं की त्याने जपानकडून झाडं किंवा पूल नाही घेतला, बघायची पद्धत घेतली.

तळ्याची गोष्ट तर तुला आवडेलच. बागेच्या टोकाला रेल्वेलाइन होती, तिच्या पलीकडची जमीन त्याने १८९३ मध्ये घेतली आणि एप्त नदीच्या एका फाट्याचं पाणी तळ्यात वळवायची परवानगी मागितली. गावकरी भडकले, ही परदेशी झाडं पाण्यात लावणार, पाणी नासणार, आमची गुरं काय पिणार! मोने जाम वैतागला पण शेवटी परवानगी मिळवलीच. रंगीत लिली त्याने फ्रान्समधल्याच लातूर-मार्लियाकच्या नर्सरीतून मागवल्या. आणि मग लगेच ब्रश उचलला असं नाही, पुलाची ती प्रसिद्ध मालिका आली १८९९ मध्ये. आधी झाडं रुजू दिली, पाणी निवळू दिलं. मला तर वाटतं त्याचं सगळ्यात मोठं चित्र हे तळंच आहे, बाकीची त्याची स्केचेस.

एक माळी फक्त तळ्यासाठी ठेवलेला होता, होडीतून फिरून पानं साफ करायला. जवळच्या रस्त्यावरून मोटारी जायच्या, धूळ उडून लिलींवर बसायची, तर या पठ्ठ्याने स्वतःच्या पैशाने रस्त्यावर डांबर घालून घेतलं. आता रेल्वे गेली, तिथून मोठा रस्ता जातो आणि आपण खालच्या बोगद्यातून तळ्याकडे जातो.

मोतीबिंदू झाल्यावर रंग गढूळ दिसायला लागले, १९२३ मध्ये ऑपरेशन झालं, तरी तळ्यातल्या लिलींचे मोठमोठे कॅनव्हास चालूच. तेच पॅरिसच्या ऑरांजरी म्युझियममध्ये लागले, १९२७ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर. पुढे मुलगा मिशेल १९६६ मध्ये अपघातात गेला, घर अकादमी दे बोझार या फ्रेंच कलासंस्थेकडे आलं, तोवर तळं, बाग सगळं मोडकळीला. १९७७ पासून दुरुस्ती करून १९८० मध्ये लोकांसाठी उघडलं. म्हणजे आपण आज बघतो ते बरंचसं पुन्हा लावलेलं आहे, पण मला त्याने काही फरक पडला नाही, बाग म्हणजे दरवर्षी पुन्हा लावायचीच गोष्ट.

समोरच्या बागेत डेलिया भरपूर होते आणि मधल्या वाटेवर नॅस्टर्शियम दोन्हीकडून इतकं पसरलेलं की वाट बुजलेली, तिथे चालायला बंदीच.

तू ये रे. एप्रिल ते १ नोव्हेंबर उघडं असतं, विस्टेरिया बघायची तर मे, लिली बघायच्या तर जुलैनंतर. माझं मत जुलै. सकाळची पहिली ट्रेन पकडायची, आधी तळं, मग घर, आणि दुसऱ्या दिवशी ऑरांजरी, हा क्रम उलटा करायचा नाही. स्केचबुक आण. व्हिसासाठी माझ्याकडून जे पत्र लागेल ते लगेच पाठवतो, तारखा तेवढ्या कळव.

तुझाच,
अव्या