पेला मात्र पाठवत नाही

लोकमान्यनगर, इंदूर
१२ जुलै

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मी नुसता हो-हो म्हणत राहिलो. वहिनी शेजारी होत्या, तू मधुमेहाच्या गोळ्या सोडून झाडपाल्यावर जायचं म्हणून तावातावानं बोलत होतास, आणि तावात आलेल्या माणसाशी वाद घालू नये हे होळकर कॉलेजच्या कट्ट्यावर तुझ्याकडूनच शिकलो. म्हणून आता लिहितोय. पत्राला मधेच तोडता येत नाही.

तुझ्या यादीप्रमाणे काल सियागंजात गेलो. गुडमारचा पाला मागितला तर दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "शुगर है क्या भिया?" म्हटलं, दोस्त को है. "सबके दोस्त को ही होती है," म्हणाला आणि पुडी बांधायला लागला. माझ्या चेहऱ्यावर लिहिलंय की काय कोण जाणे. नावातच मध आहे म्हटल्यावर लपवणार तरी किती!

तर पाला घेतला, जांभळाच्या बिया घरच्याच वाळवल्या. तुझ्या यादीतली तिसरी वस्तू, बिबळ्याच्या लाकडाचा पेला, तीही तिथे होती, हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. त्याचं कारण तुला माहीत आहे, पण विसरलास बहुतेक. आमच्या अण्णांचा पेला आठवतो? रात्री पाणी भरून ठेवायचे, सकाळी उजेडात धरून आपल्याला त्यातली निळसर झाक दाखवायचे आणि मोठ्या ऐटीत प्यायचे. लाकडातली द्रव्यं पाण्यात उतरतात हे खरंच आहे. ती झाक म्हणजे त्याचा पुरावा. पण त्या पेल्यावर भरवसा ठेवून अण्णांनी गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. हिवाळ्यात तळलेले गराडू, दिवाळीत चिरोटे, 'पेला आहे ना!' १९८९ मध्ये त्यांच्या डाव्या पायाचं बोट काढलं तेव्हाही तो पेला उशाशी होता. तू डबा घेऊन आला होतास त्या दिवशी.

मी बिबळ्याला खोटं म्हणत नाही. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, त्यावर रीतसर काम केलंय, १९९८ मध्ये ते छापूनही आलं. नव्यानं मधुमेह लागलेल्या रुग्णांना अर्क दिला आणि पुष्कळांची साखर उतरली. पण तो मोजून दिलेला अर्क होता, पेल्यातलं पाणी नव्हे. शिवाय चाचणी खुली होती. औषध घेणारा आणि देणारा, दोघांना ठाऊक. आपण उपचाराला लागलोय म्हटल्यावर माणूस भातही कमी खातो, दोन फेऱ्याही मारतो. साखर कशानं उतरली, याचा हिशेब मग लावायचा कसा?

आता तुझं ते वाक्य, जे माझ्या डोक्यातून जात नाहीये: "ही केमिकलं आयुष्यभर कोण गिळणार? आपण झाडपाल्यावर जाऊ." अरे गाढवा, केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास मिळवणारा तू! साखरेवरच्या ज्या मेटफॉर्मिनच्या गोळीला केमिकल म्हणून शिव्या देतोस, तिचं मूळ झाडपाल्यातच आहे.

युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप होतं, मटारच्या कुळातलं. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या युटा प्रांतात चारा म्हणून त्याची लागवड केली. पण ते जनावरांना बाधतं, मेंढ्या दगावतात, आणि आज तिकडे त्याची गणना घातक तणात होते. त्यात गॅलेगिन नावाचं द्रव्य असतं, ग्वानिडिनच्या घराण्यातलं. ग्वानिडिननं जनावरांच्या रक्तातली साखर उतरते हे १९१८ मध्ये दिसलं, म्हणून पुढच्या दशकात गॅलेगिन माणसांना देऊन पाहिलं. साखर उतरली, पण परिणाम टिकेना आणि विषाची धास्ती जाईना. १९२२ मध्ये डब्लिनला वर्नर आणि बेल या दोघांनी दोन ग्वानिडिन जोडल्यासारखा एक रेणू बनवला, तोच मेटफॉर्मिन. त्याच वर्षी इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं, मग या रेणूकडे कोण बघतो! फ्रान्समधल्या जाँ स्टर्न या डॉक्टरनं तो मधुमेहाच्या रुग्णांना देऊन १९५७ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकेनं परवानगी दिली १९९४ च्या डिसेंबरात. मधल्या काळात त्याचाच भाऊबंद फेनफॉर्मिन बहुतेक ठिकाणी बंद करावा लागला, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावत होती. सख्खे वाटावेत असे दोन रेणू, एक तारतो, एक मारतो. पाल्यात काय आहे हे कळणं सोपं, रे. किती, कोणाला, किती दिवस, हे कळायला आयुष्यं जातात.

दुसरी गोष्ट तर मला जास्तच आवडते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन काढलं. कडू लागलं म्हणून वाटलं, कोयनेलच्या सिंकोनासारखं तापावर चालेल. १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरनं दाखवलं की ते दिलं की लघवीतून साखर जायला लागते. म्हणजे मधुमेहाचं लक्षण निर्माण करणारी वस्तू! आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतात आणि परत शोषून घेतात. फ्लोरिझिन त्या परतीच्या दारावरच बसतं. पण पोटात घेतलं की आतड्यातच मोडतं. त्याची मोडणारी जागा रसायनशास्त्रज्ञांनी बदलली, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आली. माझ्या डबीत आहे ती. सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षं लागली.

मेथी, जांभूळ यांच्याबद्दल थोडक्यात. मेथीतला चिकट तंतुमय भाग साखरेचं शोषण मंदावतो, यात शंका नाही. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० मधल्या एका प्रयोगात रुग्णांना दिवसाला १०० ग्रॅम मेथीची पूड दिली होती, तेल काढलेली. १०० ग्रॅम! आमच्याकडे डिंकाच्या लाडवात दोन चमचे जास्त पडली तर घरात अबोला होतो. जांभळाच्या बियांकडून फार आशा नको.

कारल्याचं मात्र नीट ऐक, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी मेटफॉर्मिनबरोबर मला ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी दुसरी गोळीही होती. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज पेलाभर कारल्याचा रस सुरू केला. डॉक्टरांना बोललो नाही, 'त्यात काय सांगायचं, भाजी तर आहे.' एका रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो, तिथे खायचं म्हणून घरी जेवलो नव्हतो. भुट्ट्याच्या किसाच्या रांगेत उभा असताना हात कापायला लागले, घामानं शर्ट भिजला, आणि जावयाचं नाव आठवेना. त्यालाच कळलं काय होतंय ते. जलेबीवाल्याकडून वाटीभर पाक घेऊन माझ्या तोंडाला लावला. घरी येऊन मोजली तर एवढा पाक पोटात जाऊनही ७१. मग वाचत बसलो तेव्हा कळलं की कारलं आणि साखर उतरवणाऱ्या गोळीची ही गाठ १९७९ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेला माणूस मी, आणि दोन औषधांची बेरीज करायला विसरलो. हिला अजून वाटतं, मला त्या दिवशी ऊन बाधलं होतं. वहिनींकडे बोलू नकोस.

आणि हो, दुधीचा रस काढलास आणि कडू लागला, तर औषधी म्हणून गिळू नकोस, सरळ मोरीत ओत. त्यातलं कुकरबिटासिन जीवघेणं ठरू शकतं.

तर पार्सल करतोय, पण अट आहे. मेटफॉर्मिन सोडायची नाही, आणि पुडीतलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना पुडी दाखवायची. ते हसले तर हसू देत. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून आकडा मला कळव, तुला 'बरं वाटतंय' हे मला नकोय.

गुडमारची दोन पानं मात्र गंमत म्हणून चाव. नीट चघळ, थुंकून टाक आणि मग चिमूटभर साखर जिभेवर ठेव. वाळूसारखी लागेल. त्यातली आम्लं जिभेवरची गोडाची जागाच अडवून बसतात, अर्धा-पाऊण तास. वहिनींनाही दे आणि मग दोघं मिळून चहा प्या. त्यांचा चेहरा कसा झाला ते फोन करून सांग.

त्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मध्या

ता.क. बिया तू सांगितल्यापेक्षा कमी भरतील. जांभळं खाल्ल्याशिवाय बिया निघत नाहीत, आणि ही मोजून देते.