उघडा कोयता पोत्यात नको

मा. संपादक,

गळीत हंगाम तोंडावर आला की बीड, अहिल्यानगर भागातल्या ऊसतोड टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बोचकी, भांडी, लेकरं आणि त्यांच्याच मधे पोत्यात गुंडाळलेले उघडे कोयते! गोणपाट धारेला अडवत नाही. चाक खड्ड्यात आदळलं की टोक बाहेर येतं. शेतातल्या टाकाऊ पीव्हीसी पाइपचं म्यान तासाभरात होतं, म्हणून हे पत्र.

पाइप चार किलो दाबाचा, म्हणजे पातळ घ्यावा. जाड पाइप उकळत्या पाण्यात नीट मऊ होत नाही. दाबून चपटा केल्यावर पाइप व्यासाच्या साधारण दीडपट रुंद होतो. ६३ मिमीचा पाइप ९-१० सेंटिमीटर, तर ७५ मिमीचा ११ सेंटिमीटरच्या वर. बाक धरून पात्याची रुंदी मोजा आणि त्याहून दोन सेंटिमीटर जास्त मिळेल असा पाइप निवडा. लांबीत तीन सेंटिमीटर वाढीव ठेवा. हॅक्सॉने कापून कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात.

अंघोळीचं पाणी तापवायच्या पातेल्यात तुकडा दोन-तीन मिनिटं उकळा. थेट जाळावर धरू नका. पाइप करपला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे आणि घसा जळतो. मऊ झालेला तुकडा सांडशीने काढून दोन फळ्यांत दाबायचा, पण आत लाकडी पट्टी हवीच, कोयत्याच्या पाठीपेक्षा मिलिमीटरभर जाड. बहुतेकांचं म्यान इथेच बिघडतं. पट्टीऐवजी कोयताच आत घातला तर धार मऊ प्लास्टिकमध्ये रुतते आणि थंड झाल्यावर पातं निघता निघत नाही. मग जोर लावताना हात कापतो. फळ्यांवर उभं राहून गार पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. आकार चुकला तर घाबरू नये. पुन्हा उकळलं की पाइप परत गोल होऊ लागतो. याच कारणाने तयार म्यान चुलीजवळ ठेवू नये.

कोयत्याचं पातं बाकदार, त्यामुळे चाकूसारखं टोकाकडून सरकवून चालत नाही. चपट्या म्यानाची एक कड लांबीभर उघडावी लागते. हॅक्सॉच्या सुट्या पात्याला चिंधी गुंडाळून ही कड सावकाश कापा. कोयता या फटीतून धारेकडून आत जातो, पाठ उघडी राहते. मग पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबची दोन रिंगणं वरून चढवली की हलत नाही. टोकाजवळ खालच्या बाजूला गिरमिटाने ६ मिमीचं भोक पाडा, नाहीतर पाणी साचून पातं गंजतं. उसाचा रस लागलेला कोयता न धुता, न पुसता म्यानात घातला तर गंज ठरलेलाच.

खुरप्या-विळ्यांना तर एवढाही खटाटोप नको. ठिबकची टाकून दिलेली १६ मिमीची काळी नळी लांबीभर चिरून धारेवर चढवा आणि तीन ठिकाणी ट्यूबच्या पट्टीने बांधा. दातेरी विळ्यालाही ती बसते. जड कोयत्याला मात्र एकच नळी पुरत नाही, चिरते. एकीवर दुसरी चढवावी. जुन्या टायरचं म्यान शिवायचं असेल तर धारेच्या बाजूला दोन तुकड्यांच्या मधे टायरचीच बोटभर रुंद पट्टी घालून तिन्हीतून टाका घ्या. पट्टी नसेल तर धार थेट दोऱ्यावर येते आणि शिवण आतून कापली जाते. बाहेरून म्यान धडधाकट दिसतं, त्यामुळे हे कळतही नाही.

कोयता काढताना म्यान मुठीत आवळू नये. फट पाठीकडे असते, तेव्हा बोटं चपट्या बाजूंवरच ठेवून कोयता पाठीकडे ओढावा.

सहा मीटरच्या एका पाइपात ३२ सेंटिमीटरची १८ म्यानं निघतात. कारखान्यांच्या शेती विभागाने टोळ्या निघण्याआधी मुकादमांना एकेक पाइप आणि दोन फळ्या दिल्या, तरी प्रवासातली जखम टळेल. ट्रकमध्ये सामान चढवताना मुकादमाने पोती उघडून पाहावीत आणि म्यान नसलेला कोयता लेकरांजवळ ठेवू देऊ नये.

– एक वाचक, माजलगाव, जि. बीड