कन्नड पाककृतींचे पुस्तक वाचून देणाऱ्या अक्कांस

शहापूर, बेळगाव

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

आपण एकाच इमारतीत राहतो आणि रोज जिन्यात भेटतो. तरीही हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण तुम्ही केलेल्या मदतीचा लाभ माझ्या एकटीच्या स्वयंपाकघरापुरता राहिलेला नाही. नाव लिहू नये ही तुमची अट मी पाळली आहे.

आमच्या बारा जणींच्या मंडळाची रीत तुम्हांला ठाऊक आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही कोणा एकीच्या घरी जमतो. त्या महिन्यात जिने पाककृतींचे नवे पुस्तक घेतले असेल ती ते घेऊन येते, का घेतले ते सांगते आणि त्यातला निदान एक पदार्थ करून आणते. ज्यांनी काही घेतलेले नसते त्या, कोणत्या पुस्तकाची वाट पाहत आहेत, कोणत्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाल्याचे कानावर आले आहे, कोल्हापूरला किंवा पुण्याला जाणाऱ्या कोणाकडून काय मागवता येईल, हे सांगतात. सहा वर्षांत आमच्याकडे बरीच पुस्तके जमली, पण ती सगळी मराठी होती. ज्या मुलखात आम्ही राहतो, ज्याच्या बाजारातली ज्वारी, शेंगा आणि मिरची आमच्या घरात येते, त्याच्या दुसऱ्या भाषेतले एकही पुस्तक आमच्या कपाटात नव्हते.

मागच्या वर्षी धारवाडला लग्नाला गेले असताना मी एक कन्नड पुस्तक घेतले. कर्नाटकातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांचे पदार्थ त्यात आहेत, आणि धारवाडकडच्या पदार्थांच्या पानांवरची छायाचित्रे पाहून मला मोह आवरला नाही. मी चंदगडची, लग्न होऊन बेळगावात आले तेव्हापासून भाजीबाजारापुरते कन्नड बोलते, पण अक्षर वाचता येत नाही. मोबाइलने भाषांतर करून पाहिले. त्याने एका चटणीत ‘वेडे तीळ’ घालायला सांगितले. मी साधे तीळ भाजून घातले, चटणी फसली, आणि पुस्तक आठ महिने कपाटात पडून राहिले. मंडळात मी ते दाखवलेसुद्धा नाही, कारण पदार्थ करून नेल्याशिवाय पुस्तक दाखवायचे नाही हा आमचा नियम आहे.

तुम्ही एकदा साखरेचा डबा परत करायला वर आलात, तुमची नजर त्या पुस्तकावर गेली आणि तुम्ही एवढेच विचारलेत, “वैनी, हे कोण वाचतं?” कोणीच वाचत नाही, हे सांगताना मला फार वाईट वाटले होते. त्यानंतरच्या मंगळवारपासून, दुपारच्या चहानंतर, तुम्ही रोज एक पान वाचून दाखवू लागलात. आयुष्यभर शाळेत कन्नड शिकवलेल्या तुम्ही मला पान वाचून, अर्थ सांगून मोकळ्या होऊ शकला असता. तुम्ही तसे केले नाहीत. प्रत्येक धान्याचे, डाळीचे, भाजीचे नाव मला समासात पेन्सिलीने देवनागरीत लिहायला लावलेत आणि त्याच्यापुढे आपल्या बाजारातले मराठी नाव.

‘वेड्या तिळां’चा उलगडा त्यातच झाला. लेखिका म्हैसूरकडची आहे. तिकडे कारळ्यांना ‘हुच्चेळ्ळु’ म्हणतात. ‘हुच्चु’ म्हणजे वेड आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, म्हणून मोबाइलने शब्दाला शब्द ठेवला. धारवाडला त्याच कारळ्यांना ‘गुरेळ्ळु’ म्हणतात, आणि कारळ्याची चटणी तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली आहे. म्हणजे जो पदार्थ मला परका वाटून फसला तो माझ्याच डब्यात होता. पुंडी म्हणजे अंबाडी, अगसी म्हणजे जवस, नवणे म्हणजे राळे, हुरळी म्हणजे कुळीथ, अशी ती यादी आता चार पानांची झाली आहे.

मापांच्या बाबतीत तुमचा आग्रह मला तेव्हा थोडा जास्त वाटला होता, आज त्याचेच मोल सर्वांत अधिक वाटते. पुस्तकात ‘पावु’ असे माप सतत येते. मी ते वजनाचे पावशेर समजत होते. तुम्ही सांगितलेत की हे भरून घेण्याचे माप आहे, शेराचा चौथा हिस्सा, म्हणजे आपल्या जुन्या चिपट्याएवढे. नुसते सांगून तुम्ही थांबला नाहीत. तुमच्या आईचे पितळी पाव खाली जाऊन घेऊन आलात, त्यात पाणी भरलेत आणि माझ्या मोजपात्रात ओतून 240 मिलिलिटर भरल्याचे दाखवलेत. त्या दिवसापासून त्या पुस्तकातला एकही पदार्थ बिघडलेला नाही.

मादली मी तुमच्या देखरेखीखाली केली. गहू आणि हरभराडाळीचे जाडसर पीठ घट्ट मळून जाड पोळ्या भाजायच्या, त्या गरम असतानाच कुस्करून चाळायच्या, मग गूळ, सुके खोबरे, खसखस, वेलदोडा घालायचा आणि दूध-तुपाबरोबर वाढायचे. हे आपल्या मलिद्याचे भावंड आहे, असे तुम्ही म्हणालात. मंडळात मी ती नेली, पुस्तकही पहिल्यांदा नेले, आणि पातेले रिकामे झाल्यावर समासातल्या नोंदी बाराही जणींनी उतरवून घेतल्या. (मांड्यांचे पानही आपण वाचले होते, पण मांडे आम्ही विकतच आणतो आणि आणत राहू, ते कसब वेगळे आहे.) आतापर्यंत आमच्यातल्या चौघींनी कन्नड पुस्तके घेतली आहेत.

तुम्ही मात्र त्याच महिन्यात कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ विकत घेतलीत. 1970 साली निघालेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत रुजवले. “प्रत्येक घरची वाटी वेगळी, मग माप कसं जुळतं?” असे तुम्ही विचारलेत, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वाटी वापरली की प्रमाण बिघडत नाही, हे मला तुम्हांला सांगता आले. तुम्हांला काही शिकवण्याची ती माझी पहिली संधी होती, म्हणून ती लक्षात राहिली आहे.

प्रतीक्षेतल्या पुस्तकांच्या यादीत तुमच्यामुळे एक जोडी आली आहे. मंगरस या कवीने 1508 साली कन्नडात ‘सूपशास्त्र’ लिहिले, आणि तेही पद्यात, हे तुमच्याकडून कळले. त्याच नावाचे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे मराठी पुस्तक 1875 साली प्रसिद्ध झाले, हे मी तुम्हांला सांगितले. दोन्हींतले ‘सूप’ हे संस्कृतातले वरण. या दोन्ही ग्रंथांच्या प्रती मिळवायच्या, कन्नड तुम्ही वाचायचे आणि मराठी मी, असे आपले ठरले आहे. मंडळाने त्यासाठी भिशीतून पैसे बाजूला काढले आहेत.

आपल्या गावात भाषेवरून जे वाद आहेत त्यांविषयी या पत्रात मला लिहायचे नाही. मी मराठी आहे आणि मराठीतच लिहीन. परंतु तुम्ही माझ्यासाठी दुपारच्या दुपार खर्च केल्यात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे आणि मंडळाच्या वतीनेही तुमचे आभार मानते.

येत्या मंगळवारी पुंडी पल्ल्याचे पान आहे. अंबाडी मी निवडून ठेवते. पितळी पाव तेवढे घेऊन या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची वैनी